लाटेचा ताल चुकवायचा, मग उभं राहायचं

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी आजोबांच्या वेळचा सागवानी झोपाळा आहे. चार लोखंडी सळया, वर तुळईत कड्या. धाकटा भाऊ रांगायला लागला तेव्हा बाबांनी एका सळईवर लहानशी रिंग वेल्ड करून घेतली, तिला पितळी घंटा टांगायची म्हणून. घंटा वर्षभर वाजली, भाऊ मोठा झाला, घंटा देवघरात गेली. रिंग तशीच राहिली. वीस-बावीस वर्षांनी दिवाळीच्या पाडव्याला झोपाळ्यावर जेमतेम दोन माणसं बसलेली असताना ती सळई तुटली. याच झोपाळ्यावर आम्ही सहा-सहा पोरं उभी राहून झोके घेतले होते, तेव्हा काही झालं नव्हतं. वरची कडी घासून घासून अर्धी झाली होती, पण तुटली ती कडी नव्हे. सळई तुटली ती बरोबर रिंगेच्या वेल्डपाशी.

तुटलेलं तोंड मी उजेडात धरून पाहिलं. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत आणि तांबूस-काळा, गंजलेला. उरलेला भाग लख्ख, खडीसाखरेसारखा दाणेदार. म्हणजे अर्ध्याहून जास्त सळई त्या दिवशी तुटलीच नव्हती, ती कित्येक वर्षं थोडी थोडी तुटत होती. पाडव्याला फक्त उरलेली तुटली.

मी स्ट्रक्चर्स शिकवते. समुद्रात उभ्या केलेल्या बांधकामांवर जगभर जे संशोधन चालतं, त्यातलं निम्मं त्या सळईच्या तोंडावर लिहिलेलं होतं असं मला वाटतं. उरलेलं निम्मं झोपाळ्याच्या झोक्यात आहे. झोक्यापासूनच सुरुवात करते.

साधारण आठ फूट लांबीच्या सळयांचा झोपाळा एका हेलकाव्याला, म्हणजे जाऊन परत यायला, तीनेक सेकंद घेतो. जोरात ढकला, हळू ढकला, वेळ जवळपास तोच. हा त्याचा स्वतःचा वेळ. इंजिनिअर मंडळी याला नॅचरल पिरियड म्हणतात. तो परत येण्याची वेळ साधून पायाच्या अंगठ्याने नुसतं टेकवलं तरी झोका चढत जातो. भलत्या वेळी ढकललं तर ताकद वाया जाते आणि आजी ओरडते. उभ्या खांबाचंही तेच. त्याचा वेळ ठरतो तो किती ताठ आहे आणि वर किती वजन आहे यावर. ताठ आणि हलका खांब पटापट थरथरतो, लवचीक आणि डोईजड खांब संथ झुलतो.

आता समुद्राकडे बघा. लाटांनाही वेळ असतो. एक शिखर गेल्यापासून दुसरं येईपर्यंत रोजच्या लाटांना पाच ते दहा सेकंद लागतात, वादळात पंधरापर्यंत. खोल पाण्यात दहा सेकंदांची लाट सुमारे १५६ मीटर लांब असते. लाटेत पाणी पुढे वाहत जात नाही, जागच्या जागी गोल फिरतं, आणि खाली जावं तसतसे ते गोल लहान होत जातात. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे ७८ मीटरवर, वरच्या हालचालीच्या चारेक टक्केच उरते. म्हणजे लाट सगळा मार खांबाच्या वरच्या टोकाला देते. खांब मुळाशी रोवलेला आणि धक्का शेंड्याला: उपटायला याहून सोयीची जागा नाही.

अरबी समुद्रातलं मुंबई हाय हे तेलक्षेत्र याचं आपल्या घरातलं उदाहरण. घरातलं अशासाठी म्हणते, की बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये तेल-वायूच्या नोकरीतलं कोणी ना कोणी सापडतंच. खंभातला १९५८ मध्ये आणि अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं, कोयलीची रिफायनरी उभी राहिली, आणि अर्धं गाव त्या नोकऱ्यांत गेलं. आमच्या शेजारचे काका ऑफशोअरला होते: चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टर. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, ७५ मीटरच्या आसपास पाण्यात, १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगने तिथे तेल शोधलं. तिथले प्लॅटफॉर्म जॅकेट प्रकारच्या पायांवर उभे आहेत. जॅकेट म्हणजे पोकळ नळ्यांचा, विजेच्या टॉवरसारखा तिरक्या आडव्यांनी बांधलेला सांगाडा. त्याच्या पायांतून लांबलचक पाइल, म्हणजे पोलादी नळे, समुद्राच्या तळात ठोकतात. नळ्या सडपातळ ठेवतात, कारण लाटेला अडवायचं नसतं, आरपार जाऊ द्यायचं असतं. असा सांगाडा बऱ्यापैकी ताठ असतो, त्याचा स्वतःचा वेळ दोन-तीन सेकंदांच्या आत बसतो. लाट दहा सेकंदांनी येते. ताल जुळत नाही, काम झालं.

पाणी खोल होत गेलं की मात्र हे सोपं राहत नाही. सांगाडा उंच करावा तसा तो लवचीक होतो आणि त्याचा वेळ वाढत वाढत लाटांच्या वेळेकडे सरकतो. त्याला रोखायचं तर पोलाद ओतत राहावं लागतं. मेक्सिकोच्या आखातात १९८८ मध्ये ४१२ मीटर पाण्यात बुलविंकल नावाचं जॅकेट उभं केलं. त्या जातीच्या सरळ ताठ जॅकेटची शर्यत साधारण तिथेच संपली. त्यापुढे इंजिनिअरांनी उलटा विचार केला: लाटेपेक्षा चपळ होता येत नसेल तर लाटेपेक्षा आळशी व्हावं. तरंगतं बांधकाम घ्यायचं, त्याचं वजन पाण्याखाली खोल ठेवायचं, पाण्याच्या पातळीवर त्याचा छेद लहान ठेवायचा. मग ते वर-खाली व्हायला वीस-तीस सेकंद घेतं. दहा सेकंदांची लाट येऊन निघूनही जाते, तोवर याची अजून जांभई चालू असते.

तालातली ही गोष्ट सूरसागर तलावाच्या काठी तबला शिकणाऱ्या पोराला पटकन कळेल. समेवर यायचं नाही, एवढाच नियम. लाटेच्या आधी या किंवा कितीतरी उशिरा या.

तेलवाल्यांना चुकवायला एकच ताल होता. पवनचक्कीवाल्यांच्या वाट्याला तीन आले, आणि आजचं बरंचसं संशोधन या तिनांच्या मधली फट शोधण्यात चाललं आहे. समुद्रातली पहिली पवनऊर्जा वसाहत डेन्मार्कमध्ये विंडेबीला १९९१ साली झाली: अकरा चक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅट. आज त्यातल्या एका चक्कीच्या वीस-तीसपट क्षमतेची एकेक चक्की समुद्रात उभी राहते. बहुतेकींचा पाया म्हणजे मोनोपाइल, एकच एक प्रचंड पोलादी नळा, सहा-आठ मीटर व्यासाचा आणि त्याहूनही मोठा. आमच्या दांडिया बाजारातल्या काही गल्ल्या त्याहून अरुंद आहेत.

ही चक्की डोळ्यांसमोर आणायची तर गुढी आठवा. बारीक बांबू आणि टोकाला तांब्याचा गडू. नुसता बांबू हलवला तर भरभर थरथरतो, गडू अडकवला की संथ डोलायला लागतो. आणि खिडकीच्या गजाला बांधलेली सुतळी सैल असेल तर आणखी संथ. चक्कीच्या डोक्यावर गडूच्या जागी शेकडो टनांचं यंत्र असतं, आणि सुतळीच्या जागी असते समुद्रतळाची माती. सुतळी सैल पडली की गुढीचा वेळ बदलतो, हे पुढे लागणार आहे.

एक मोठी चक्की मिनिटाला सहा ते दहा फेऱ्या घेते असं धरा. म्हणजे एक फेरी सहा ते दहा सेकंदांची. पाती कितीही तोलून बसवली तरी किंचित फरक राहतोच, तेव्हा दर फेरीला खांबाला एक हिसका. शिवाय पाती तीन. खांबासमोरून पातं गेलं की त्याच्यावरचा वारा क्षणभर बदलतो, म्हणून फेरीच्या एक तृतीयांश वेळाने, म्हणजे दर दोन ते सव्वातीन सेकंदांनी दुसरा हिसका. तिसरा ताल लाटांचा, पाच ते दहा सेकंदांचा. खांबाने यातल्या एकाचीही वेळ साधायची नाही. साडेतीन ते पाच सेकंदांच्या मधे कुठेतरी जेमतेम जागा उरते, आणि सगळा खांब, डोक्यावरच्या यंत्रासकट, त्या फटीत बसवायचा. फार ताठ केला तर पात्यांशी ताल जुळतो आणि पोलादाचा खर्च वाढतो, फार सैल केला तर लाटांशी.

आता सुतळीची गोष्ट. खांबाचा वेळ अर्ध्या सेकंदाने इकडेतिकडे झाला तर फट हुकते, म्हणून तळाची माती किती घट्ट धरते हे नेमकं कळायला हवं. इथे गंमत झाली. पाइलला माती आडवी किती साथ देते याचे जे नियम तेल उद्योगाने घालून दिले, ते बऱ्याच अंशी टेक्सासच्या किनाऱ्यावर केलेल्या चाचण्यांवर आधारलेले होते, आणि त्या चाचण्यांतले पाइल होते दोन फूट व्यासाचे, लांब आणि सडपातळ. तेच नियम आठ मीटरच्या नळ्याला लावत होते. लांब सडपातळ पाइल छडीसारखा वाकतो. आखूड जाडजूड पाइल वाकत नाही, तो खुंटीसारखा अख्खा कलतो, आणि माती त्याला बाजूने, भिंतीच्या घर्षणाने आणि बुडातूनही धरते. ऑक्सफर्ड, इम्पीरियल आणि डब्लिनच्या विद्यापीठांनी उद्योगांबरोबर पीसा नावाचा प्रकल्प केला. इंग्लंडमध्ये काउडनच्या चिकणमातीत आणि फ्रान्समध्ये डंकर्कच्या वाळूत प्रत्यक्ष पाइल ठोकून ते आडवे ओढून पाहिले. माती जुन्या नियमांच्या अंदाजापेक्षा जास्त घट्ट धरते असं निघालं. पोलाद वाचलं आणि ताल जास्त अचूक लागला. दोन फुटांवरून सव्वीस फुटांवर उडी मारताना इतकी वर्षं कोणाला खटकलं कसं नाही, असं वाटतं खरं. पण नियम छापील असला की हात थबकतो, हे मी वर्गात रोज बघते.

आपल्या खंभातच्या आखातातली माती यापेक्षा वेगळी आहे. बडोद्याच्या लोकांना ती माहीत आहे, कारण आमचा सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोई, आणि तिथे समुद्र कमी, चिखल जास्त. स्तंभेश्वर महादेवाला गेलात तर भरतीत पिंड दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. देवाच्या नावात स्तंभ, आणि स्तंभतीर्थ हे खंभातचंही जुनं नाव. समुद्रात खांब रोवण्याच्या या विषयाला इतकं समर्पक नाव कोणी ठरवूनही दिलं नसतं. ओहोटी लागली की पाणी नजरेपलीकडे जातं आणि उरतो मऊ, राखाडी, पोटरीपर्यंत पाय रुतणारा गाळ. नर्मदा, तापी, मही, साबरमती, चारही नद्या तो आणून टाकतात. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या भरतीत पाणी दहा मीटरहून जास्त चढतं, म्हणजे तीन मजली घर बुडेल इतकं, आणि सहा तासांत उतरतं. एवढं पाणी आत-बाहेर करताना जो प्रवाह होतो तो खांबाच्या बुडाशी भोवरे करून गाळ उकरतो. ओल्या वाळूत उभं राहिल्यावर परतणारी लाट टाचेखालची वाळू नेते, तेच मोठ्या मापात. खड्डा पडला की सुतळी सैल, सुतळी सैल की वेळ वाढला, वेळ वाढला की लाटांचा ताल जवळ आला. म्हणून बुडाशी दगडांची पखरण करतात, आणि तीही किती, केवढ्या दगडांची, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

हे सगळं कागदावर सोडवता येत नाही, म्हणून लहान प्रतिकृती करून हौदात लाटा उठवतात. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, तिची सुरुवात १९१६ ची, तिथे बंदरांच्या अशा प्रतिकृती पिढ्यानपिढ्या झाल्या आहेत. चेन्नईच्या आयआयटीतही लाटांचे हौद आहेत. पन्नासपट लहान प्रतिकृती केली तर दहा मीटरची लाट वीस सेंटिमीटरची करायची, आणि वेळ पन्नासच्या वर्गमुळाने, सातपटीने, कमी करायचा: दहा सेकंदांची लाट दीड सेकंदाच्या आत. इथवर ठीक. पण पाण्याचा चिकटपणा आणि वाऱ्याचं पात्यावरून घसरणं या मापाने लहान होत नाही. लाट बरोबर आली की वारा चुकतो. त्यामुळे तरंगत्या चक्कीच्या प्रतिकृतीला काही ठिकाणी चक्क पंखे लावतात आणि संगणकाने हिशेब करून तेवढाच जोर देतात. अर्धं खरं पाणी, अर्धा आकडेमोडीतला वारा. मला ही युक्ती फार आवडते. त्यापेक्षा हल्ली ज्याचा गाजावाजा आहे तो डिजिटल ट्विन, म्हणजे खांबावरच्या सेन्सरांवरून संगणकात त्याची जिवंत नक्कल चालवणं, मला अजून थोडा जाहिरातीचा शब्द वाटतो. सेन्सर मात्र खरे कामाचे. खांबाचा वेळ रोज मोजला की बुडाशी माती गेली की आहे ते वरूनच कळतं, पाणबुडा उतरवावा लागत नाही.

आता पुन्हा ती सळई.

समुद्र म्हटलं की आपल्याला राक्षसी लाटेची भीती वाटते. नॉर्वेजवळच्या ड्राउप्नर प्लॅटफॉर्मवर १ जानेवारी १९९५ रोजी २५.६ मीटरची लाट लेझरने मोजली गेली, आठ मजली इमारतीएवढी. प्लॅटफॉर्मचं किरकोळ नुकसान झालं. मोठ्या लाटेचा हिशेब आधीच केलेला असतो. शंभर वर्षांची लाट असा शब्द वापरतात, आणि तो फसवा आहे: त्याचा अर्थ ती शंभर वर्षांनी येते असा नाही, तर दर वर्षी ती येण्याची शक्यता एक टक्का आहे असा. पंचवीस वर्षांत निदान एकदा भेटण्याची शक्यता २२ टक्के. तेवढी तयारी ठेवलेली असते.

जी तयारी चुकते ती लहान लाटांची. दहा सेकंदांना एक म्हटलं तरी वर्षात एकतीस लाखांवर लाटा, पंचवीस वर्षांत आठ कोटींच्या घरात. पोलाद एका वाकण्याने तुटत नाही, पण तार मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते, ते आपण सगळ्यांनी केलेलं आहे. यालाच फटीग म्हणतात, धातूचा थकवा. आणि त्याचा हिशेब क्रूर आहे: वेल्ड केलेल्या जोडात ताण दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा उरतं. वेल्डच्या कडेला, जिथे आकार एकदम बदलतो, तिथे ताण सहज दुप्पट-तिप्पट होतो. सरळ गुळगुळीत सळईला जे सहज पचलं असतं ते रिंगेच्या कडेला पचलं नाही.

नॉर्वेच्या बाजूच्या उत्तर समुद्रात अलेक्झांडर एल. किलँड नावाचं तरंगतं प्लॅटफॉर्म होतं, कामगारांच्या राहण्यासाठी वापरलेलं. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी हवा वादळी होती, पण त्या समुद्राच्या मानाने जगावेगळी नव्हती. पाच खांबांपैकी एक तुटून गेला, प्लॅटफॉर्म कललं आणि वीसेक मिनिटांत उलटलं. २१२ माणसं होती, १२३ गेली. चौकशीत मूळ सापडलं ते एका आडव्या नळीवर. पाण्यातले आवाज ऐकणारं एक छोटं यंत्र, हायड्रोफोन, बसवण्यासाठी तिला एक आधार वेल्ड केला होता. वेल्ड सहा मिलिमीटरचा आणि निकृष्ट. कोणी त्याला बांधकामाचा भाग मानलंच नव्हतं, ते एक किरकोळ अडकवण होतं. भेगेच्या आत रंगाचे अंश मिळाले. म्हणजे रंगकाम झालं तेव्हा भेग होतीच. लाटा तिला रोज थोडी पुढे नेत होत्या, नळी गेल्यावर तिचा भार शेजारच्या नळ्यांवर पडला आणि त्या पाठोपाठ गेल्या.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सळई तुटून काही वर्षं झाली होती. बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, घंटा टांगायला सुतळीही चालली असती.

खंभातच्या आखातात पुढे काय होणार? केंद्राचं समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५ मध्ये आलं. २०१७ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या पिपावाव बंदरापासून साधारण २३ किलोमीटरवर समुद्रात एक खांब रोवून त्यावर लायडार बसवलं. लेझरच्या किरणाने उंचीवरचा वारा मोजणारं हे यंत्र. वारा मोजण्यात एवढी काटेकोरी लागते, कारण वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाने बदलते: वेग दहा टक्के कमी निघाला तर वीज सव्वीस-सत्तावीस टक्के कमी. जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी, बंदरांच्या सुधारणेसकट, ७,४५३ कोटींच्या साहाय्याची योजना मंजूर केली. उत्तर समुद्राएवढा जोरदार वारा इथे नाही, आणि मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळाने याच सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर जमीन गाठली. म्हणजे वर्षभर माफक वारा, आणि एखाद्या रात्री भयानक. युरोपात बनलेली चक्की तशीच आणून इथे रोवली तर पैसे वसूल होणार नाहीत, असं माझं मत. मऊ गाळ, मोठी भरती आणि चक्रीवादळ या तिन्हींसाठी एकत्र नियम इथेच, इथल्या मातीत पाइल ओढून लिहावे लागतील.

आणि जुनं सांभाळायचं कामही आहेच. मुंबई हायचे सुरुवातीचे प्लॅटफॉर्म पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बांधले होते, आज त्यांना चाळीस-पन्नास वर्षं होत आली. अशा सांगाड्याच्या शेकडो जोडांतून भेग शोधायची कशी? एक पद्धत इतकी साधी आहे की ऐकून हसू येतं. नळ्या पोकळ आणि हवाबंद असतात. पाण्याखाली प्रत्येक नळीत पाणी शिरलं आहे का एवढंच तपासतात, ध्वनिलहरींनी किंवा किरणांनी. कोरडी असायला हवी ती नळी भरलेली निघाली तर कुठेतरी आरपार भेग आहे. मग ती शोधायला पाणबुडे जातात.

शेजारचे काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नवी सळई बसवलेल्या झोपाळ्यावर ते रोज संध्याकाळी चहाला येतात. त्यांना समुद्राच्या गोष्टी विचारल्या तर लाटांबद्दल फार बोलत नाहीत, रात्री झोपताना पलंगाखाली जाणवणाऱ्या बारीक थरथरीबद्दल बोलतात. बसण्याआधी चारही सळया एकेक करून हाताने चाचपतात, वर कडीकडे बघतात, आणि मगच कपाला हात लावतात.